लुना घ्यावी की स्कुटी?

रानातून नुकत्याच आलेल्या, चुलीपुढं बसलेल्या आणि गटाच्या बैठकीत रेडिओ मध्ये ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या तायांना माझा नमस्कार.

आपल्या गटांत कर्जाची मागणी कशासाठी यायची? शेळी, म्हैस, शिलाई मशीन, पिठाची गिरणी. आता त्यात एक नवी मागणी आली आहे, "मला गाडी घ्यायची आहे." बाईनं असं म्हटलं की मला फार बरं वाटतं. पण लगेच बैठकीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो लुना घे, दुसरा म्हणतो स्कुटीच घे. आज आपण या दोन गाड्यांबद्दल बोलू. कोणती चांगली हे मी सांगणार नाही. कोणती कुणाला चांगली, हे कसं ठरवायचं ते सांगणार आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडं कुठलीही मोपेड म्हणजे लुना आणि कुठलीही बिनगिअरची स्कूटर म्हणजे स्कुटी. खरं तर ही एकेका गाडीची नावं. लुना ही पुण्याच्या कायनेटिक कंपनीची गाडी. ती १९७२ साली आली. या कंपनीचा कारखाना आपल्या शेजारी नगरला. त्या लुनेचा नमुना इटली देशातल्या पियाजो कंपनीच्या छोट्या मोपेडचा होता. याच पियाजो कंपनीनं दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, व्हेस्पा स्कूटर काढली. पुढं पाय ठेवायला सपाट जागा, समोर चिखल अडवणारा पत्रा आणि इंजिन झाकलेलं. त्यामुळं कपडे खराब होत नाहीत आणि टांग न टाकता बसता येतं. म्हणजे जुनी लुना आणि जुनी स्कूटर, दोघींचं माहेर एकच म्हणा ना.

पुढं १९८० साली दक्षिणेतल्या होसूरहून टीव्हीएसची दोन माणसं बसतील अशी मोपेड आली. आज आपल्या गावांत दुधाचे कॅन आणि भाजीची पोती वाहणारी जी मोपेड दिसते, ती तिच्याच घराण्यातली. स्कुटी हेही टीव्हीएसच्याच एका गाडीचं नाव, पण लोकांनी ते सगळ्या बिनगिअरच्या स्कूटरना देऊन टाकलं. २००१ साली होंडाची अॅक्टिव्हा आली आणि बिनगिअरची स्कूटर शहरातून तालुक्याला, तालुक्यातून गावात पोचली. मी आज सवयीप्रमाणं लुना आणि स्कुटी असंच म्हणणार आहे. तुम्ही मोपेड आणि स्कूटर समजा.

आता दोघींत फरक काय ते बघू. दोन्हींना हातानं बदलायचा गिअर नाही. म्हणून दोन्हींना एकच लायसन चालतं, बिनगिअरच्या दुचाकीचं. साडी नेसून दोन्हींवर बसता येतं. इथपर्यंत दोघी सारख्या.

पहिला फरक वजनाचा. आजची लुना साधारण ८५ ते ९० किलोची. स्कुटी साधारण १०५ किलोच्या पुढं-मागं. १५-२० किलोचा फरक ऐकायला थोडा वाटतो. पण गाडी चिखलात आडवी झाली आणि तुम्ही एकट्याच असलात, की तो फरक कळतो.

दुसरा फरक चाकाचा. लुनेचं चाक मोठं, १६ इंची. स्कुटीचं लहान, १० किंवा १२ इंची. लहान चाक खड्ड्यात जास्त खाली उतरतं आणि जोरात आदळतं. मोठं चाक खड्ड्यावरून जरा सोपं निघून जातं. वस्तीचा रस्ता, दगड, मुरूम, ओढ्याचा उतार असेल तर हे लक्षात ठेवा.

तिसरा फरक ताकदीचा. लुनेची ताकद साधारण सव्वाचार हॉर्सपॉवर. स्कुटीची साडेसात-पावणेआठच्या आसपास. शिवाय लुनेला एकच गिअर असतो. स्कुटीच्या आत पट्टा असतो आणि चढ आला की तो आपोआप हलक्या गिअरसारखं काम करतो. म्हणून मागं माणूस बसवून मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट चढायचा असेल, तर स्कुटी सुखानं चढते आणि लुना धापा टाकते. मोठ्या रस्त्यावरही मागून ट्रक येत असताना लुनेचा वेग कमी पडतो, जीव दडपतो.

चौथा फरक दुरुस्तीचा. लुनेला सायकलसारखी साखळी असते. ती साफ करायची, तेल द्यायचं, सैल झाली की ताणून घ्यायची. गावातला कुठलाही मिस्त्री ते करतो. स्कुटीचा पट्टा आत असतो, त्याला रोज काही करावं लागत नाही. पण काही हजार किलोमीटरनंतर तो बदलावा लागतो, आणि वाटेत तुटला तर गाडी जागेवर बसते. त्याला जाणता मिस्त्री आणि दुकान लागतं, ते बहुधा तालुक्यालाच. तेव्हा गाडी घेण्याआधी एक प्रश्न विचारा, ही गाडी दुरुस्त करणारा माणूस माझ्या गावापासून किती लांब आहे?

आता आमच्याच भागातल्या दोघींचं सांगते. नावं सांगत नाही, कारण त्या ऐकत असतील आणि मग मला ओरडतील.

पहिली बालाघाटाच्या डोंगराकडच्या वस्तीवरची. नवरा-बायको दोघं कोयत्यावर जायचे. तुम्हाला माहीतच आहे, पावसाळ्यात मुकादम उचल घेऊन दारात येतो. एकदा पैसे घेतले की दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत आणि मग पाच-सहा महिने फडात. मुलीची शाळा सुटते, नाहीतर मुलगी आजीपाशी राहते. या बाईनं ठरवलं की आपण मागं राहायचं, चार वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि डेअरीच्या केंद्रावर घालायचं. केंद्र ९ किलोमीटरवर. सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेळा जाऊन-येऊन रोजचे ३६ किलोमीटर. म्हणजे गाडी हा तिचा शौक नव्हता. गाडी जमली तरच तिचा कोयता सुटणार होता.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. दीर म्हणाला, लुना म्हणजे दूधवाल्याची गाडी, लोक हसतील. पुतण्या म्हणाला, काकू स्कुटी घ्या, मलाही कॉलेजला नेता येईल. सासूबाई म्हणाल्या, पैसे घालायचेच तर जरा शोभेल अशी घ्या. बैठकीत हे सगळं तिनं सांगितलं तेव्हा गटातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी एवढंच विचारलं, "दूध कोण वाहणार आहे? तू का ते?"

मग आम्ही तिचा एक दिवस कागदावर लिहिला. वजन किती? २०-२० लिटरचे दोन कॅन, म्हणजे दुधाचेच ४० किलोच्या वर, अधिक कॅन, अधिक ती स्वतः. रस्ता कसा? निम्मा कच्चा, एक ओढा. घाट आहे का? नाही, एक छोटा चढ. मागं कुणी बसणार का? नाही. मिस्त्री कुठं? केंद्राच्या शेजारी, साखळी-पंक्चर सगळं करणारा. या कागदानंच उत्तर दिलं. लुना. तरीही आम्ही तिला म्हटलं, ओळखीच्या कुणाची लुना मागून घे, कॅन पाण्यानं भर आणि तो चढ चढून बघ. तिनं बघितलं. हळू चढली, पण चढली.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. किती वजन चालतं हे गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि त्यात चालवणारीचं वजनही धरलेलं असतं. त्याच्या वर वजन घातलं की ब्रेक वेळेवर लागत नाही. दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवायचं. कॅन एकाच बाजूला बांधून कधीही जायचं नाही.

दुसरी आमची सीआरपी ताई. गटांचे हिशेब बघते. तिचं गाव ते तालुका २४ किलोमीटर, डांबरी रस्ता, मध्ये घाट. सोबत रजिस्टरं, कधी लॅपटॉप. आठवड्यातून तीन दिवस मागं दुसरी ताई बसते. पावसात कागद भिजून चालत नाहीत. तिला सुरुवातीला सगळ्यांनी लुनाच सांगितली, कारण स्वस्त. पण तिचा दिवस कागदावर लिहिला तर उत्तर उलटं आलं. घाट, मोठा रस्ता, दोन माणसं आणि सीटखाली कुलपात राहणारे कागद. तिला स्कुटीच योग्य होती. नवी परवडत नव्हती, म्हणून तिनं चार वर्षं वापरलेली घेतली.

बघा, एका गटातल्या एकीला लुना बरोबर ठरली आणि दुसरीला स्कुटी. शेजारणीनं काय घेतलं हे बघून गाडी घेतली असती तर दोघीही अडकल्या असत्या.

आता पैशाचं. आकडे समजून घ्यायला मी गोल धरते. तुम्ही दुकानात जाऊन आजचा भाव विचारा, आणि तो पासिंग आणि विम्यासकट, रस्त्यावर येईपर्यंतचा विचारा. समजा लुनेसाठी ६० हजार कर्ज लागलं आणि स्कुटीसाठी ९० हजार. व्याज दरमहा १ टक्का, तेही उरलेल्या रकमेवर, आणि २४ हप्ते. लुनेचा हप्ता साधारण २,८२५ रुपये येतो. स्कुटीचा साधारण ४,२३५. फरक महिन्याला १,४१० रुपये, म्हणजे रोजचे ४७ रुपये.

पेट्रोलचं बघा. रोज ३६ किलोमीटर आणि महिन्याचे ३० दिवस, म्हणजे १,०८० किलोमीटर. दुधाला सुट्टी नसते. लुना लिटरला ५५ देते असं धरलं तर सुमारे साडेएकोणीस लिटर लागतं. स्कुटी ४५ देते असं धरलं तर २४ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर फरक पावणेपाचशेच्या आसपास. हप्ता आणि पेट्रोल मिळून महिन्याला जवळजवळ १,९०० रुपये. दूध घालणाऱ्या ताईसाठी हे १,९०० रुपये म्हणजे पुन्हा उचल घ्यायची की नाही, एवढी मोठी गोष्ट होती. सीआरपी ताईसाठी मात्र घाटात लुना रोज तापवून वर्षातून दोनदा काम काढणं हीच महागाई झाली असती.

सरासरी किती पडते हे दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका. ओळखीच्या गाडीची टाकी काठोकाठ भरा, काट्यावरचा आकडा लिहा, आठवडाभर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. जितकं चालली त्याला जितकं पेट्रोल बसलं त्यानं भागा. हिशेब झाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलते, चूल जरा बारीक करा. गाडी कोणाच्या नावावर?

कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई भरते आणि आरसी बुकावर नाव नवऱ्याचं, असं आपल्याकडं सर्रास चालतं. यात मानापमानाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी विम्याचा प्रश्न राहतो. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकाचा अपघात विमा असतो, १५ लाखांचा. "मालक-चालक" हा शब्द नीट ऐका. ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडं चालू लायसन आहे, त्याच्यासाठी तो असतो. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि अपघात तुमचा झाला, तर हा विमा तुमच्या कामाला येत नाही. गाडी तुमच्या नावावर आहे पण लायसन काढलेलं नाही, तरीही येत नाही. म्हणून जी गाडी चालवणार तिच्याच नावावर गाडी, आणि गाडी घरात यायच्या आधी लायसन.

लायसन काढणं अवघड नाही. आधी शिकाऊ लायसन. ते सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. आपल्याला बीडचं कार्यालय, म्हणजे एमएच २३, आणि अंबाजोगाईचं, म्हणजे एमएच ४४. तुमचा तालुका कुठं येतो आणि तालुक्याला कॅम्प कधी लागतो, हे विचारून घ्या. अर्ज करताना "बिनगिअर" असं लिहिलं तर त्या लायसनवर नवऱ्याची गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि पुतण्याचं काय? १८ वर्षांच्या आतल्या मुलाला ही गाडी देऊ नका. १६ वर्षांच्या मुलांना चालते ती फक्त ५० सीसीच्या आतली बिनगिअरची गाडी. आजची लुना साधारण १०० सीसीची आणि स्कुटी त्याहून थोडी जास्त. २०१९ च्या कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणं अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही वर्षभर रद्द होते. घरात वाद नको म्हणून चावी देऊ नका. "कायदा मला धरतो" असं सरळ सांगा.

जुनी गाडी घेणार असाल तर दिवसा उजेडात बघा. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा चालू आहे का बघा. नावावर करून घेण्याचे अर्ज, नमुना २९ आणि ३०, यांवर मालकाची सही पैसे देतानाच घ्या. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नोंदणीला १५ वर्षं होत आली असतील तर पुन्हा पासिंगचा खर्च धरा. गाडी थंड असताना स्वतः चालू करून बघा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर समजा, काही तरी झाकायचं आहे. धुराचा रंग निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय.

दुकानात गेलात की आणखी एक करा. गाडीवर स्वतः बसा. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. स्वतः मेन स्टँडवर लावून बघा, स्वतः ढकलत मागं घेऊन बघा. भावाला बसवून "बरी आहे का रे?" असं विचारू नका. चालवायची तुम्हाला आहे. साडीसाठी मागच्या चाकाला जाळी आहे ना ते बघा, आणि पदर, ओढणी खोचल्याशिवाय निघू नका.

शिकताना सकाळी शाळेचं मोकळं मैदान घ्या. पहिल्या दिवशी वेग नाही, फक्त ब्रेक शिका. दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाबायचे. नवी शिकणारी घाबरली की मूठ आणखी पिळते आणि गाडी उधळते. म्हणून घाबरलं की मूठ सोडायची, हे हाताला शिकवा. स्टँडवरून गाडी खाली घेताना इंजिन बंद ठेवा. आणि हेल्मेट चालवणारीलाही, मागं बसणारीलाही. पदर डोक्यावर घेतला की हेल्मेट बसत नाही असं म्हणणाऱ्या सासूबाईंना मी सांगते, आधी रुमाल, मग हेल्मेट, उतरल्यावर पदर.

विजेवरच्या गाड्यांचं काय, असं बऱ्याच जणी विचारतील. त्याला बॅटरी, भारनियमन आणि दुरुस्ती असे वेगळे हिशेब आहेत. त्याच्यावर वेगळं बोलावं लागेल. पण दिवसाचा कागद मात्र तिथंही हाच लागेल.

तर पुढच्या बैठकीत गाडीचा अर्ज आला की भाव विचारायच्या आधी तिला एक कोरा कागद द्या. वजन, रस्ता, घाट, मागं बसणारं माणूस, मिस्त्री किती लांब, रोजचे किलोमीटर आणि महिन्याची खरी कमाई, एवढं तिच्या हातानं लिहू द्या. लिहिता येत नसेल तर ती सांगेल आणि दुसरी लिहील. हप्ता भरून घरात काही उरतं का ते सगळ्यांनी मिळून बघा. उरत नसेल तर सहा महिने थांबा, बचत वाढवा, तोवर लायसन काढून ठेवा.

दूध घालणाऱ्या ताईचे ११ हप्ते भरून झालेत. यंदा मुकादम आला तेव्हा ती केंद्रावर गेली होती, उचल काही घेतली नाही. नवरा एकटाच गेला आहे, अर्धा कोयता म्हणून. पुढच्या वर्षी त्यालाही मागं ठेवता येईल का, हा हिशेब आता गटात चालू आहे.

तुमच्या गटात कुणी गाडी घेतली असेल, तर कोणती घेतली आणि का, हे रेडिओ केंद्राला कळवा. नमस्कार.